पानावरून की लावून?

"सगळ्या खुणा जुळल्यात, बाय. तीन असायला हव्यात, तिन्ही आहेत. ज्या नकोत, त्यांतली एकही नाही. आता तुझं काय म्हणणं?"

मामाने कागद ओट्यावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर पानाचा डबा ठेवला. जूनचा दुसरा आठवडा होता. राजोडीच्या किनाऱ्यावरून येणारा वारा सुरूच्या झाडांतून घुमत येत होता, आणि वाडीत केळीची जुनी पानं फाटून फडफडत होती.

मामाने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि शाळेच्या आधी नि नंतर केळीची वाडी केली. आता सत्तरी उलटली आहे आणि गुडघे कुरकुरत नाहीत, ओरडतात. कुणीतरी त्याला एका दवाखान्याचं नाव सांगितलं. पोटावरची थोडी चरबी काढायची, त्यातल्या मूळपेशी वाढवायच्या आणि गुडघ्यात सोडायच्या, असं तिथे सांगण्यात आलं. सोबत नमुन्याचा अहवाल दिला होता, रुग्णाचं नाव खोडलेला. असे अहवाल तयार करणं हेच माझं पुण्यातलं रोजचं काम आहे. त्यामुळे घरात ठरलं होतं, की मी येऊन काय सांगते ते ऐकायचं आणि मग तारीख घ्यायची.

मी कागद वाचला. सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही प्रथिनं पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त पेशींवर सापडलेली. रक्तपेशींवर असतात ती सीडी४५, सीडी३४ वगैरे दोन टक्क्यांच्या आत. खाली सही, शिक्का.

"अहवाल चुकीचा नाही," मी म्हणाले. "२००६ साली या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'मेझेनकायमल' पेशींसाठी जी किमान यादी ठरवली, ती इथे जुळते. पण मामा, या तीन खुणा साध्या फायब्रोब्लास्टवरही असतात. कातडीखाली, स्नायूभोवती, सगळीकडे पसरलेली ती जोडऊतीची पेशी. कातडीचा तुकडा बशीत वाढवून माझ्याकडे दे, मी तुला जवळजवळ हाच कागद काढून देईन."

"मग यादी कशाला केली?"

"निरनिराळ्या प्रयोगशाळा एकाच नावाखाली निरनिराळ्या पेशी वाढवत होत्या, म्हणून. निदान एवढं तरी असू द्या, म्हणून. आणि यादीत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या या कागदावर नाहीत. पेशी प्लास्टिकच्या बशीला चिकटली पाहिजे, आणि बशीत तिच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी अशा तिन्ही तऱ्हेच्या पेशी होऊन दाखवल्या पाहिजेत."

मामा उठला. गुडघ्यावर हात दाबून उठला, पण उठला. "चल वाडीत," म्हणाला.

बावखलाच्या कडेने आम्ही आत गेलो. पाऊस दोन-तीनदाच पडून गेला होता, तरी बावखलात हिरवं पाणी अर्ध्यावर आलं होतं. मामा एका राजेळीच्या बुंध्याशी थांबला. तिच्या पायाशी चार-पाच मुनवे वर आले होते. त्याने दोन दाखवले. एकाचं पान अरुंद, टोकदार, तलवारीसारखं. दुसरं त्याहून बुटकं, पण पान रुंद, मोठ्या झाडाच्या पानासारखं पसरलेलं.

"कुठलं लावायचं?"

"तलवारीचं," मी म्हणाले. लहानपणापासून ऐकलंय.

"का?"

"रुंद पानाचं गड्ड्याला वरवर चिकटलेलं असतं. त्याला आईकडून अन्न पोचत नाही म्हणून घाईने पानं पसरतं. लोंगर धड येत नाही."

"म्हणजे मी पानावरून ओळखतो. लावून बघत बसत नाही. एक वर्ष थांबून मग ठरवलं असतं तर माझी वाडी कधीच ओसाड झाली असती. आणि तू मला सांगतेस, खुणेवर विश्वास ठेवू नको?"

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. मी बुंध्याशी बसले. केळीचं जे खोड दिसतं ते खोड नसतंच, एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ असतात. खरा वाढता कोंब जमिनीत, गड्ड्यात. मूळपेशींचंही तसंच आहे. अंगात त्या थोड्या, खाली दडलेल्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली शेजारणीसारख्याच दिसणाऱ्या. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने १८६८च्या सुमारास 'श्टामत्सेल' हा शब्द वापरला, त्यावरून इंग्रजी नाव आलं. मराठीत कुणी 'स्कंधपेशी' म्हणतात, पण मला 'मूळपेशी' हाच शब्द बरोबर वाटतो. ती वर दिसत नाही, हे त्यात आपोआप येतं.

"तुझी पानाची खूण खरी आहे," मी म्हणाले. "पण ती खरी कशी ठरली? तुझ्या आज्या-पणज्यांनी कधीतरी दोन्ही तऱ्हेची पिल्लं लावून लोंगर मोजलेत, म्हणूनच ना? आधी लावणं झालं, मग पान बघणं आलं. आमच्याकडेही असंच झालंय."

आणि मी त्याला टोरांटोची गोष्ट सांगितली. जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलॉक. किरणोत्सर्गाने अस्थिमज्जा पार मारून टाकलेले उंदीर. त्यांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, तर दहा-बारा दिवसांत प्लीहेवर गाठी उठल्या. जितकी मज्जा जास्त टोचली तितक्या गाठी जास्त. साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ. १९६१मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. १९६३मध्ये, किरणांनी गुणसूत्रांत पडलेल्या वेड्यावाकड्या तुटींवरून दाखवलं की एका गाठीतल्या सगळ्या पेशी एकाच पेशीची प्रजा आहेत. आणि त्या प्रजेत लाल पेशी, पांढऱ्या पेशी, सगळं होतं. ती मूळ पेशी त्यांनी पाहिलीच नव्हती. तिने काय केलं तेवढंच पाहिलं होतं.

"लोंगर पाहिलं, गड्डा नाही."

"हो. आणि पुढे कळलं की लोंगरही फसवतं. लवकर उठलेल्या बऱ्याच गाठी खऱ्या मूळपेशींच्या नव्हत्याच, त्यांच्या थोड्या खालच्या, काही दिवसांत दमणाऱ्या पेशींच्या होत्या."

मामा लगेच म्हणाला, "अर्थात. एक लोंगर कुठलंही पिल्लू देईल, बरंवाईट. त्या गड्ड्याने पुन्हा पिल्लं दिली पाहिजेत, त्या पिल्लांनी पुन्हा लोंगर दिलं पाहिजे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. ज्या कसोटीला आम्ही रक्ताच्या मूळपेशीची शेवटची कसोटी मानतो, ती त्याने वाडीतल्या भाषेत मांडली होती. मज्जा एका उंदराला द्यायची, चार महिने थांबायचं, त्याचं रक्त त्या पाहुण्या पेशींनीच भरून निघालंय का ते पाहायचं. मग त्याची मज्जा काढून दुसऱ्या उंदराला द्यायची आणि पुन्हा थांबायचं. पेशीने स्वतःसारखी पेशी केली का, आणि इतर सगळ्या तऱ्हा केल्या का, हे दोन प्रश्न. या दोन्हींना 'हो' आल्याखेरीज मूळपेशी म्हणू नये असं माझं ठाम मत आहे.

"बरं," मामा म्हणाला. त्याने पहार आणली होती. तलवारी पिल्लाच्या कडेने माती सोडवायला लागला. मध्येच थांबून मला म्हणाला, "मग टाटामध्ये रक्ताच्या कॅन्सरवाल्यांना मज्जा देतात, तेव्हा चार महिने थांबून बघतात का, की ही पिशवी चांगली आहे?"

इथे मला मान्य करावंच लागलं. माणसाच्या बाबतीत लावून बघायला वेळ नसतो. तिथे खूणच हाताशी असते.

टाटा मेमोरियलचा इतिहास या बाबतीत मला फार बोलका वाटतो. २० मार्च १९८३ला डॉ. सुरेश अडवाणी यांनी परळला देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्या भावाची मज्जा. त्या दिवशी पिशवीत मूळपेशी आहेत हे सांगणारी खूण जगात कुणाकडेच नव्हती. सीडी३४ हे प्रथिन ओळखणारं प्रतिपिंड जॉन्स हॉपकिन्सच्या कर्ट सिव्हिन यांनी प्रसिद्ध केलं ते १९८४ला. म्हणजे मज्जा अख्खी दिली गेली, कारण टिल-मॅककुलॉकपासून माहीत होतं की तिच्यात कुठेतरी ती असते. आज मात्र पिशवी माझ्यासारखीच्या टेबलावरून जाते. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोला किमान वीस लाख सीडी३४ पेशी हव्यात. पन्नास लाख असतील तर सगळ्यांना हायसं वाटतं. त्या आकड्यावर पुढचं ठरतं.

"मग तूसुद्धा पानावरूनच ओळखतेस," मामा म्हणाला. त्यात जिंकल्याचा सूर नव्हता, शिक्षकाचा होता. उत्तर बाहेर काढणारा.

"ओळखते. पण कसं ते ऐक."

पेशींचं पाणी एका बारीक नळीतून सोडतात, इतक्या बारीक धारेत की पेशी एकामागून एक जातात. आधी त्यांना रंगीत प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. धारेवर लेसर पडतो, प्रत्येक पेशी चमकते आणि पडद्यावर एक ठिपका उमटतो. स्टॅनफर्डला लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी साठच्या दशकात हे यंत्र उभं केलं, आणि नुसतं मोजायचं नाही तर हवा तो ठिपका वेगळा काढायचा, ही त्यातली खरी किमया. अर्ध्या मिनिटात पडद्यावर लाखभर ठिपके जमतात. नव्या माणसाला वाटतं, वर उजव्या कोपऱ्यात चमकणारे सगळे खरे. पण मेलेली पेशी कुठलाही रंग चिकटवून घेते. तिचा पडदा फाटलेला असतो, प्रतिपिंडं आत शिरून अडकतात, आणि ती सगळ्या खुणा अंगावर घेऊन चमकते. म्हणून आम्ही आणखी एक रंग टाकतो, जो फक्त मेलेल्यांत शिरतो, आणि तो दिसला की ठिपका बाद. दोन पेशी चिकटून आल्या तर त्या एकीच्याच दिसतात आणि दोघींच्या खुणा एकीच्या नावावर जमा होतात; त्याही बाद. हे सगळं गाळून झाल्यावर जे उरतं ते मोजायचं. मज्जेत सीडी३४ची पेशी शंभरात एखादी-दुसरी. आणि त्यांतलीही बहुतेक खरी मूळपेशी नव्हे, तिच्या लेकी-नाती. खरी त्यांतली अगदी थोडी.

"आणि एक गंमत नाही, इशारा आहे तो," मी म्हणाले. "उंदराच्या खऱ्या मूळपेशीवर सीडी३४ जवळजवळ नसतंच. जपानमध्ये हिरोमित्सु नाकाउची यांच्या गटाने १९९६ला अशी खूण नसलेली एकच पेशी एकेका उंदराला दिली. पाचांतल्या साधारण एका उंदराचं सगळं रक्त त्या एका पेशीने उभं केलं. माणसात जी खूण शोधायची, तीच उंदरात असेल तर ती पेशी टाकून द्यायची."

मामाने पहार टेकली. "म्हणजे राजेळीची खूण वेलचीला लावायची नाही."

"राजेळीची खूण नारळाला लावायची नाही, इतकं."

मामी चहा, पानाचा डबा आणि तो कागद घेऊन वाडीतच आली. मामा चहाआधी पान खाणारा. त्याने डब्यातून चुन्याची ट्यूब काढली आणि मला आठवलं, की या वादातला सगळ्यात चांगला दाखला त्याच्याच हातात आहे.

खायच्या चुन्याच्या पुड्या आणि ट्यूबा लहान मुलं दाबतात, फुटतात, चुना डोळ्यात उडतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या डॉक्टरांनी अशा मुलांवर लेख लिहिलेत. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या मूळपेशी पडद्यात नसतात. बुबुळ संपून पांढरा भाग सुरू होतो त्या कडेच्या पट्टीत असतात. चुन्याने ती पट्टी जळली की पडदा स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. पांढऱ्या भागाच्या पेशी रक्तवाहिन्या घेऊन आत सरकतात आणि दिसणं बंद होतं.

"त्या पट्टीतच आहेत हे कसं कळलं?" मामीने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली होती.

"नसण्यावरून. १९८६मध्ये न्यूयॉर्कमध्ये टंग-टिएन सुन यांच्या गटाने पाहिलं, की पडद्याच्या पिकलेल्या पेशीत केराटिनची एक जात असते, के-थ्री. ती सगळ्या पडद्यात होती. फक्त त्या कडेच्या तळच्या पेशींत नव्हती. म्हणजे त्या अजून पिकायच्या होत्या. पुढे दुसरी कसोटी झाली. सगळ्या पेशींना एक खूण द्यायची आणि आठवडेच्या आठवडे थांबायचं. ज्या सारख्या विभागतात त्यांची खूण वाटली जाऊन फिकी होते, आणि ज्या क्वचितच विभागतात त्यांच्यात टिकून राहते. टिकलेली खूण कडेलाच सापडली."

मग इटलीचा आकडा सांगितला, कारण या सगळ्या चर्चेत तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. तिथल्या डॉक्टरांनी चांगल्या डोळ्याच्या कडेच्या पेशी बशीत वाढवून भाजलेल्या डोळ्यांवर लावल्या आणि २०१०मध्ये ११२ रुग्णांचा हिशेब मांडला. पी६३ नावाचं प्रथिन भरपूर असलेल्या पेशी बशीत तीन टक्क्यांहून जास्त असतील, तर शंभरातले ७८ डोळे निभावले. तीन टक्के किंवा कमी असतील, तर ११. "ही खूण मी डोळे मिटून मानते, मामा. कारण ती आधी माणसांच्या डोळ्यांत लावून पाहिली आहे."

"आणि हैदराबादला?"

"तिथे २०१२पासून त्याहून साधं करतात. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पातळ पडदा चिकटवून त्यावर ते कण मांडायचे. प्रयोगशाळा नाही, बशी नाही, एकही पेशी मोजायची नाही. पडदा तिथेच, डोळ्यातच उगवतो."

मामा हसला. "म्हणजे त्यांनी ना पान पाहिलं, ना थांबून लोंगर मोजलं. पत्ता बघितला. कुठे राहते ते कळलं की पुरे."

खरंच, राहण्याचा पत्ता ही तिसरी ओळख आहे आणि ती आम्ही कमी लेखतो. १९६१मध्येच अलेक्झांडर माउरो यांनी बेडकाच्या स्नायूत, तंतू आणि त्यावरचं वेष्टन यांच्यामधल्या फटीत बसलेली पेशी पाहिली आणि ती स्नायू दुरुस्त करणारी असावी असा केवळ जागेवरून अंदाज बांधला. तो बरोबर निघाला. आतड्यातही पत्ता आधी कळला होता. अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं, म्हणजे अस्तरातल्या खोबणींच्या तळाशी कुणीतरी अखंड राबतंय हे उघड होतं. कोण, यावर मात्र अनेक वर्षं दोन तट होते. २००७मध्ये नेदरलंड्सच्या हान्स क्लेवर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर यांनी एलजीआर५ हे प्रथिन बनवणाऱ्या पेशींना उंदराच्या अंगातच निळा रंग कायमचा दिला, असा की तिच्या पोरींनाही तो वारशाने मिळावा. काही दिवसांत तळापासून टोकापर्यंत निळी फीत उभी राहिली, आणि दोन महिन्यांनीही ती तशीच होती. दोन वर्षांनी त्याच एकेकट्या पेशीपासून बशीत खोबणी असलेलं इवलंसं आतडं वाढवलं गेलं.

"माणसाला असं रंगवता येत नाही," मामा म्हणाला.

"नाही. पण निसर्ग रंगवतो. वय वाढतं तसं कुठल्या तरी पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात चूक होते, तिचं एक विकर बंद पडतं, आणि ती मूळपेशी असेल तर अख्खी खोबणी त्या चुकीची होते. कापलेल्या आतड्याला रंग दिला की तेवढीच खोबणी वेगळी उठून दिसते."

मामा गप्प झाला. तो विचार करताना पानाची काडी बोटांत फिरवतो.

"तू म्हणतेस, खूण लावून सिद्ध झालेली असावी आणि त्याच जागेसाठी सिद्ध झालेली असावी. जागा बदलली तर काय होतं?"

"हृदय होतं," मी म्हणाले.

सी-किट नावाचं प्रथिन मज्जेतल्या मूळपेशींवर असतं, आणि तिथे ती खूण चांगली आहे. अमेरिकेत पिएरो आन्व्हेर्सा यांनी २००१पासून लिहायला सुरुवात केली की सी-किटच्या पेशी हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा उभारतात, आणि २००३मध्ये म्हटलं की हृदयात स्वतःच्याच अशा मूळपेशी आहेत. जगभर त्यावर काम झालं, माणसांवर चाचण्या झाल्या. पण सी-किट हृदयातल्या मास्ट पेशींवरही असतं, त्या मुळात मज्जेतून आलेल्या. २०१४मध्ये सिनसिनाटीच्या गटाने आतड्यासारखाच वारशाचा रंग सी-किट पेशींना दिला. त्या पेशींच्या प्रजेत रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी भरपूर होत्या. हृदयस्नायूच्या पेशी नगण्य. २०१८मध्ये हार्वर्डने आन्व्हेर्सा यांच्या प्रयोगशाळेतले एकतीस लेख खोट्या वा बनावट माहितीमुळे मागे घ्या, असं नियतकालिकांना कळवलं.

"ज्यांची हृदयं थकलेली होती, त्यांनी त्यावर किती आशा लावल्या असतील," मामी म्हणाली आणि कप गोळा करायला लागली.

मला वाटलं, वाद इथे संपला. पण मामाने उलटा फासा टाकला.

"एक सांग. तुम्ही शोधलं आणि सापडलं नाही, म्हणजे ती नाहीच, असं होतं का? तांदूळ पाखडताना बारीक कणी कोंड्याबरोबर उडून जाते. मग सुपात बघून म्हणायचं, कणी नव्हतीच."

त्याला माहीत नव्हतं, पण हा वाद परळलाच झालाय. लुइव्हिलचे मारिउश रातायचाक यांनी २००६मध्ये उंदराच्या मज्जेत अगदी छोट्या, लाल पेशीहूनही लहान मूळपेशी सापडल्याचं सांगितलं. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीया यांच्या गटाने पुढे अशा पेशी बीजांडकोशाच्या पृष्ठभागावर आणि वृषणात असल्याचं मांडलं. २०१३मध्ये मात्र स्टॅनफर्डच्या आयर्विंग वाइसमन यांच्या गटाने पुष्कळ शोधून लिहिलं की त्यांना मज्जेत तसं काही मिळालं नाही. जे ठिपके दिसतात त्यांतले बहुतेक मोडक्या, मरत्या पेशींचे. वाइसमन म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेने १९८८मध्ये उंदराच्या रक्ताची मूळपेशी पहिल्यांदा शुद्ध करून वेगळी काढली. परळच्या गटाचं म्हणणं तुझ्या कणीसारखंच आहे, मी मामाला सांगितलं. पेशी धुताना सगळे लोक गुरुत्वाच्या अडीचशे-पावणेतीनशे पट जोराने फिरवतात. एवढ्याने या लहान पेशी तळाशी बसतच नाहीत, वरच्या पाण्याबरोबर मोरीत जातात. हजार पट जोराने फिरवा, मग बघा.

"मग तू कुणाच्या बाजूने?"

"मी अजून वाट बघते. मोरीबद्दलचं त्यांचं म्हणणं मला पटतं. नळीतलं वरचं पाणी ओतून देताना हल्ली माझा हात थबकतो. पण हजार पटीने फिरवून तळाशी जे बसतं त्यात मोडतोडही बसते. त्या पेशींपैकी एकीने, वेगळ्या प्रयोगशाळेत, वेगळ्या हातांनी, आधी एकदा आणि मग पुन्हा एकदा, ऊती उभारून दाखवली पाहिजे. पान नाही चालणार इथे. लावूनच."

"आणि माझा गुडघा?"

मी पुन्हा कागदावर आले. हाडाच्या बाबतीत खरं 'लावून बघणं' झालंय. रशियात अलेक्झांडर फ्रीडनस्टाइन यांनी सत्तरच्या सुमारास मज्जेतल्या चिकट पेशी ओळखल्या आणि प्राण्यात घालून हाड उगवून दाखवलं. २००७मध्ये रोमच्या पाओलो बियान्को यांच्या गटाने सीडी१४६ची खूण धरून माणसाच्या मज्जेतल्या पेशी काढल्या, एकेका पेशीची वसाहत वाढवली, उंदराच्या कातडीखाली ठेवली. हाड झालं, त्यात उंदराचं रक्त बनू लागलं, आणि त्याच पेशी पुन्हा त्या हाडातून काढता आल्या. पुढे त्यांनीच दाखवलं, की वेगवेगळ्या ऊतींतल्या, तीच सीडी लेबलं मिरवणाऱ्या पेशी एकसारखं काम करत नाहीत. "आणि ज्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ला 'मेझेनकायमल स्टेम सेल' हे नाव दिलं, त्यांनीच २०१७ला लेख लिहिला की हे नाव आता बदला. या पेशी दुखऱ्या जागी काही द्रव्यं सोडतात आणि कदाचित त्याने बरं वाटतं, पण त्या नवीन कूर्चा होऊन बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं."

"पण गुडघ्यासाठी आपल्याकडे एका औषधाला सरकारी परवानगी मिळालीय म्हणे."

"मिळालीय, २०२२मध्ये. ते दात्यांच्या मज्जेतून वाढवलेलं, ठरलेल्या मात्रेचं, चाचण्यांतून गेलेलं औषध आहे. त्याची परवानगी तुझ्या पोटाच्या चरबीला लागू होत नाही. रक्ताचे आजार सोडून मूळपेशींचा बाकी सगळा वापर हा प्रयोग समजा, आणि तो परवानगी घेतलेल्या चाचणीतच करा, हे आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७लाच लिहून ठेवलंय. हे राजेळीची खूण नारळाला लावणंच आहे, मामा. आणि त्याचे ते तुझ्याकडून पैसे घेणार."

मामा बराच वेळ बोलला नाही. "दुखतं गं," एवढंच म्हणाला, आणि त्या क्षणी माझ्या सगळ्या आकड्यांपुढे ते दोन शब्द जड वाटले. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गरम होता.

मग त्याने कागद उलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि शाळेच्या फळ्यावर लिहायचा तसं गोल अक्षरांत लिहिलं: 'गुडघ्यात गेल्यावर या पेशींचं काय होतं? किती दिवस राहतात? कूर्चा झाली का? कुणी पाहिलं, कसं पाहिलं?' दवाखान्याला फोन लावला आणि चारही प्रश्न सावकाश वाचून दाखवले. पलीकडच्या मुलीने डॉक्टर स्वतः फोन करतील असं सांगितलं. मामाने फोन पानाच्या डब्याशेजारी ठेवला.

सोडवलेलं तलवारी पिल्लू त्याने खड्ड्यात बसवलं, शेणखत ओढलं, पायाने माती दाबली. मग मला म्हणाला, "ते दुसरंही काढ." मी रुंद पानाचं पिल्लू काढलं, दोनच हिसक्यांत निघालं, बुडाशी गड्डा जेमतेम बोटभर. चार हातांवर त्याने तेही लावलं आणि दोन्हींशेजारी बांबूची एकेक काठी रोवली.

"पुढच्या वर्षी या वेळेला ये," तो म्हणाला. "मोजू."

मी निघेपर्यंत फोन आलेला नव्हता.